खोगीरमामांची बैठक

भेट झाली की लोक पाऊसपाणी विचारतात, लेकरंबाळं विचारतात. आमचे खोगीरमामा विचारायचे, “बूड कसं आहे?”

समोर कोण उभं आहे हे ते पाहत नसत. फटफटीवर बसणारा माणूस असला की प्रश्न ठरलेला. एकदा सेलूच्या बाजारात, ऐन गर्दीत, त्यांनी कारंज्याच्या एका बड्या संत्राबागाईतदाराला हाच प्रश्न टाकला. सोन्याची बटणं लावलेला माणूस. त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, “डाव्या अंगानं ठणकते जी.” मामांनी त्याला तिथंच, मिरच्यांच्या ढिगाजवळ, पाठमोरा उभा केला, कमरेवर दोन्ही हात ठेवून तोल पाहिला आणि निकाल दिला, “तुम्ही मागच्या खिशात पाकीट ठेवून बसता. एका बाजूनं पैसा, एका बाजूनं कातडं. गाडी सरळ जाईन, पण माणूस तिरपा होईन.” मिरच्यावाल्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी मामांची थैली धरून शेजारी उभा. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं होतं. मामांना मात्र काही म्हणजे काही वाटत नव्हतं.

तुमच्याही गावात असा एखादा निलाजरा, मोठ्या आवाजाचा, सगळ्यांच्या उपयोगी पडणारा माणूस असेल. त्याच्या पुतण्याला नाहीतर भाच्याला विचारा, त्याच्यासोबत चारचौघांत जाणं म्हणजे काय असतं. मला मामांची लाज वाटायची. जीवही त्यांच्यावरच होता, पण लाज आधी वाटायची. आणि माझं लग्न मोडता मोडता राहिलं ते याच न बोलण्याच्या जागेपायी. लिहितानासुद्धा कानाच्या पाळ्या गरम होऊन राहिल्या आहेत. पण मी तिसरी शिकलेला माणूस. मला आडून लिहिता येत नाही. जे होतं ते त्याच नावानं लिहावं लागेल.

मामा माझ्या आईचे धाकटे भाऊ. लढाईच्या काळात पलटणीत मिस्त्री होते. लढाई सरली, मामा घरी आले, आणि पुढं मिलिटरीच्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या तेव्हा एक फटफटी घेऊन बसले. आष्टी-कारंज्याकडच्या संत्र्यांच्या बागांत तेव्हा नवीनच तेलाची इंजिनं आली होती. विहिरीवर इंजिन बंद पडलं की मामांना निरोप यायचा. सकाळी सेलूकडं, दुपारी आर्वीपलीकडं, असा त्यांचा फेरा. रस्ते म्हणजे मुरूम, गिट्टी आणि बैलगाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या. दुसरे फटफटीवाले अशा फेऱ्यानंतर भिंत धरून चालायचे. मामा उतरल्याबरोबर मांडी घालून जमिनीवर बसायचे आणि भाकर मागायचे.

त्यांचं नाव खोगीरमामा पडलं ते त्यांच्या गादीवरून. वर्ध्याच्या एका टांगेवाल्याकडून त्यांनी घोड्याचं खोगीर पाहून घेतलं होतं. “घोड्याच्या कण्यावर वजन येऊ नाई म्हणून मधात मोकळं ठेवते न? मंग माणसाचा कणा काय रस्त्यावर पडला हाय?” म्हणून त्यांनी घोंगडीचे तुकडे एकावर एक शिवून फटफटीच्या सीटसाठी गादी केली. दोन्ही बाजूंनी भरीव, मधून पन्हाळीसारखी रिकामी. आत सावरीचा कापूस. सगळा मुलूख कपाशीचा, घराघरात कापूस, आणि मामा सावरीची बोंडं वेचत रानात फिरायचे. लोक हसायचे. मामा म्हणायचे, “तुमचा कापूस विलायतेत जाते, माह्या बुडाखाली टिकत नाई. दबते. सावरीचा कापूस गरिबासारखा आहे. किती दाबा, पुन्हा वर येते.” गादीला तेलाचे डाग, कडेला चार रंगांची ठिगळं. दिसायला अगदी दरिद्री. पण त्या गादीवर मामा कोस न् कोस जायचे.

बसायची रीतही त्यांची वेगळी. “बसाचं नाई, टेकाचं,” हे त्यांचं वाक्य. पोत्यासारखा भार टाकून जो बसतो त्याला फटफटी फेकते, म्हणायचे. दोन्ही पाय दांड्यांवर घट्ट, गुडघे टाकीला धरलेले, हात ढिले. पुढं खड्डा दिसला की मामा पायांवर उठून उभे राहायचे. “खड्डा मोठा माणूस हाय. तो आला का उठून उभं राहाचं.” चाकोरीच्या रस्त्यावर मामा एवढ्या वेळा उठायचे की शेतातल्या बाया निंदण सोडून पाहत राहायच्या. लांबून असं वाटे की कुणी माणूस गाडीवरून सगळ्या शिवाराला सलाम करत चालला आहे.

थांबायचेही फार. एखादं मोठं लिंबाचं झाड आलं की गाडी बाजूला. मग स्वतः गाडीभोवती फेऱ्या मारायच्या, मला मारायला लावायच्या, उकिडवं बसायचं, उठायचं, आणि शेवटी धोतर सावरून सावलीत पालथं पडायचं. पालथं! येणारे-जाणारे विचारायचे, “काऊन जी, गाडी फेल झाली काय?” मामा पडल्या पडल्या उत्तर द्यायचे, “गाडी चांगली हाय. बुडाले हवा देऊन राह्यलो.” मघा आम्ही मागं टाकलेली बैलगाडी तोवर येऊन आमच्या पुढं निघून जायची आणि गाडीवानाचं पोर मला दात दाखवायचं. मी तोंड फिरवून झाडाकडं पाहत बसायचो. “लाजतं कायले लेका?” मामा म्हणायचे. “बैल सोडल्यावर लोळते, तेव्हा तो लाजते काय?”

या सगळ्याच्या वर त्यांचा एक गर्व होता. त्यांना कधी फोड आला नव्हता. हे ते छाती ठोकून सांगायचे. “ज्याच्या बुडाले फोड आला त्यानं फटफटी इकून म्हैस घ्यावी.” जिल्ह्यात तेव्हा फटफटीवाले मोजकेच. त्यातला जो कुणी लांबच्या फेऱ्याला निघायचा तो आधी मामांकडं यायचा. गादी शिवून न्यायचा, लिंबाच्या पाल्याचं पाणी कसं करायचं, करंजीचं तेल कधी लावायचं, हे विचारून जायचा. मामांना या गोष्टीची जी इज्जत होती ती इंजिनं दुरुस्त करण्याची नव्हती. इंजिन कुणीही दुरुस्त करू शकतो, असं ते स्वतःच म्हणायचे.

माझी पंचविशी उलटली होती. सेलूच्या बाजारात आमचं किराणाचं दुकान बरं चाललं होतं, पण सोयरीक जुळत नव्हती. एका ठिकाणी मुलीच्या बापानं माझ्या हातात वर्तमानपत्र देऊन ‘वाचा’ म्हटलं. मला अडखळत का होईना वाचता आलं असतं. पण मी पेपर घडी करून परत दिला आणि ‘मी इथं परीक्षेले नाई आलो’ म्हणून उठलो. दुसऱ्या ठिकाणी असंच काही. मग आष्टीचं ठिकाण आलं. मुलगी सातवी शिकलेली. बाप, आबाजी, कापडाचे दुकानदार. बेचाळीसात तुरुंग भोगून आलेले. त्यांच्या घरात ताठ बोलणं चालायचं, पण पाहुण्याचं नव्हे. आईनं मला समोर बसवून सांगितलं, “हे गेलं तर मी दुसरं पाहणार नाई. तिथं तोंड बंद ठेवजो. मामा सांगीन तसा वागजो.” मलाही हे घर जाऊ द्यायचं नव्हतं. मुलीला मी आष्टीच्या जत्रेत ओझरतं पाहिलं होतं आणि ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

मामांची फटफटी घेऊन जायचं ठरलं. आबाजींच्या दारात मी स्वतः फटफटी चालवत जाणार, मामा मागं. चालवायला मला मामांनीच शिकवलं होतं. नवी गॅबर्डिनची पाटलून शिवली होती, मांड्यांवर आवळ. मामांनी ती पाहिली, मला वळवलं आणि मागची शिवण बोटानं चाचपली. “हे दोरखंड शिवलं का काय? धोतर नेसून चाल. तिथं गेल्यावर बदलजो.” मी ऐकलं नाही. आणि ती ठिगळांची गादी! नवरदेव मुलाखाली असली चिंधी? मामा आंघोळीला गेले तेव्हा मी ती काढून आमच्या कडब्याच्या गंजीमागं टाकली. मामांनी शोधली, सापडली नाही. माझ्या तोंडाकडं पाहिलं. मग खांद्यावरचं उपरणं काढलं, घडी केली आणि मागच्या लोखंडी कॅरिअरवर टाकून बसले.

वर्धा येईतो मी राजासारखा होतो. आर्वीच्या रस्त्याला लागल्यावर सीटच्या स्प्रिंगा बोलू लागल्या. माघ सरत आला होता, ऊन चढत होतं, पाटलून घामानं चिकटली होती. मागून मामा सांगत होते, “खड्ड्यावर उठ... आता टेक... थांब त्या झाडापाशी.” मी उठलो नाही, थांबलो नाही. आज तरी सलाम करत जायचं नाही, असं मी ठरवलं होतं. आर्वीला चहाला उतरलो तेव्हा पाय फाकवूनच चालता येत होतं. मामांनी पाहिलं. त्यांनी तोंड उघडण्याआधीच मी म्हणालो, “मामा, आबाजीच्या घरी बुडाची गोष्ट काढाची नाई. मायची आन हाय तुमाले.”

“अबे पण...”

“आन हाय म्हटलं न.”

मामांनी गळ्याला हात लावला. “तुह्या बुडाविषयी एक शबद काढणार नाई. मंग तर झालं?”

तळेगाव गेलं, आष्टी आली. आबाजींच्या दारात गाडी लावली तेव्हा मला खाली उतरायला फटफटीच्या हँडलाचा आधार घ्यावा लागला. आत ओसरीवर जाजम अंथरलेलं, लोड मांडलेले, भावकीतली माणसं बसलेली. मामा अंगणात पाय धुवायला थांबले आणि मी एकटा आत गेलो.

आमच्याकडं पाहुणा बसल्याशिवाय त्याला पाणी देत नाहीत आणि पाणी घेतल्याशिवाय बोलणी सुरू होत नाहीत. सोयरीक करायची नसली की पाहुणा टेकत नाही, उभ्या उभ्या दोन शब्द बोलून निघतो. हे सगळ्यांना माहीत. मलाही माहीत होतं.

“या, या. बसा,” आबाजी म्हणाले.

मी गुडघे वाकवले. अर्ध्यावर गेलो आणि मागून जे सणकलं ते डोळ्यांपर्यंत आलं. मी पुन्हा सरळ झालो.

“बसा न जी.”

“उभाच बरा आहे,” मी म्हणालो.

मुलीचा थोरला भाऊ पाण्याचा गडवा घेऊन आला होता, तो तसाच उभा राहिला. “काऊन जी पाव्हणे,” तो म्हणाला, “आमच्या जाजमले काटे हायत काय?”

आतल्या दाराशी मुलीची आत्या होती. ती ऐकू येईल अशा बेतानं म्हणाली, “सेलूच्या दुकानदाराले आमची ओसरी लहान पडली वाटते.”

आबाजींचा चेहरा बदलला. मी काय केलं असेल? दुसऱ्या कुणीही हसून सांगितलं असतं, की रस्त्यानं अंग दुखतं, थोडं उभं राहू द्या. मला ते जमलं नाही. नवी पाटलून घालून, फटफटी चालवत आलेला मी, बायामाणसांच्या देखत ते सांगू? मी दात दाबून छताकडं पाहत राहिलो. सोयरीक डोळ्यांदेखत जात होती. आत कुठंतरी बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. आणि मी ताठ उभा. पुरुषाची जात म्हणावी की गाढवाची, ते मला आजही ठरवता येत नाही.

मामा पाय पुसत आत आले. एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा त्या गडव्याकडं. जाजमाच्या कडेपर्यंत आले आणि तिथंच थांबले.

“आबाजी,” मामा म्हणाले, “पोट्ट्यावर राग धरू नका. चूक माही हाय. माह्या बुडाले फोड आले. मले बसवत नाई. आन् मी उभा असल्यावर हा बसत नाई. वाटेत आर्वीलेबी नाई बसला. चहा उभ्यानं पेला. मी म्हणतो बस लेका, तर म्हणते, मामा उभे असताना मी कसा बसू?”

मग कोपऱ्यातला एक जण, ज्याच्या विहिरीवरचं इंजिन मामा नेहमी दुरुस्त करायचे, तो खो-खो हसायला लागला. “खोगीरमामा! तुमच्या? तुमच्या बुडाले?” मग सगळेच हसले. “मंग आता म्हैस घेता का जी मामा?” कुणीतरी विचारलं. आतून बायांचं हसणं आलं. मामांनी मान खाली घातली. मामांनी मान खाली घातलेली मी तोवर पाहिली नव्हती.

आबाजी मात्र हसले नाहीत. ते माझ्याकडं पाहत होते. “वडील माणूस उभा आहे म्हणून उभा?” ते म्हणाले. “आजकालचे पोट्टे बापासमोर पाय पसरून बसतेत.” आणि ते लोडाला धरून उठले. “पाव्हणे उभे तर घरधनी कसा बसन?” ते उठल्यावर त्यांचा भाऊ उठला, भाऊ उठल्यावर भावकी उठली. सगळी ओसरी उभी राहिली. मोकळ्या जाजमाभोवती आम्ही सगळे, जसं काही मधात कुणाचं काही पडलं आहे आणि ते शोधतो आहोत. पाणी उभ्यानं झालं. पोहे उभ्यानं झाले. मुलगी आली तर तिला पाटावर बसायला कुणी सांगेना, कारण तिचा बापच उभा. दुसऱ्या मुली पाटावर खाली मान घालून बसायच्या. आपल्याला दिसायचा तो भांग. ही माझ्यासमोर उभी राहिली आणि तिनं माझ्याकडं सरळ पाहिलं. मीच खाली पाहिलं.

“शिकले किती?” आबाजींनी विचारलं.

“तिसरी,” मी म्हणालो. पहिल्यांदाच ते सांगताना मला ताठा आला नाही.

“शिकून काय होते,” आबाजी म्हणाले, “संस्कार पाह्यजे.” आणि त्यांनी तोंड गोड करायला साखर मागवली.

परत येताना मला गाडीवर बसणं शक्य नव्हतं. मामांनी संत्र्यांच्या ट्रकवाल्याला काहीतरी सांगितलं आणि मी संत्र्यांच्या पेट्यांवरच्या गवतात पालथा पडून आर्वीपर्यंत आलो. मागं मामांची फटफटी येत होती. खड्डा आला की मामा उठायचे, टेकायचे, उठायचे. मला त्या गवतातून काहीतरी ओरडून सांगायचं होतं. काय ते सुचलं नाही, आणि इंजिनाच्या आवाजात ते ऐकूही गेलं नसतं, असं मी मनाला सांगितलं.

गोष्ट आमच्या आधी जिल्हाभर पोचली. वैशाखात आष्टीला लग्न लागलं तेव्हा मुलीकडच्या पोरींनी मांडवात मामांसाठी एक भली मोठी उशी आणली आणि गाणी म्हणत म्हणत ती त्यांच्या खाली सरकवली. सगळा मांडव हसत होता. मामाही हसत होते, पण त्यांचे कान लाल झालेले मला दिसले. मग माझ्यानं राहवलं नाही. बाशिंग बांधलेलं असताना मी उठून उभा राहिलो आणि मोठ्यानं म्हणालो, “थांबा! फोड मामाले नव्हते. मले होते. मामा खोटं बोलले!”

गाणी थांबली. आता जे होईल ते होवो, असं म्हणून मी आबाजींकडं पाहिलं. आबाजींच्या डोळ्यांत पाणी होतं. “पाहा,” ते सगळ्यांना म्हणाले, “मामाची लाज झाकाले सोताच्या अंगावर घेतलं पोरानं. भर मांडवात! असा जावई दिवा घेऊन हिंडलं तरी भेटन काय?” बाया माझी दृष्ट काढत कानशिलांवर बोटं मोडू लागल्या. मी ओरडून सांगत होतो आणि जसजसा ओरडत होतो तसतसा अधिकच चांगला ठरत होतो. मामा माझ्याजवळ आले, बाशिंग सरळ केलं आणि कानात म्हणाले, “बस आता. कितीबी ओरडलास तरी तू चांगलाच निघून राह्यला.”

एकाच माणसाचा माझ्यावर विश्वास बसला, माझ्या बायकोचा. कौसल्या म्हणाली, “मी त्या दिवशी खिडकीतून पाह्यलं होतं तुमाले गाडीवरून उतरताना. मामा तर पटकन उतरले. तुम्हीच बदकासारखे चालत होते.” मग तू बोलली का नाहीस, असं मी विचारलं. “बोलली असती तर माह्या बापानं दिलं असतं काय तुमाले?”

मला वाटलं होतं, लोक हसतील आणि विसरतील. हसले, पण विसरले नाहीत. पुढच्या हंगामात आर्वीचा एक फटफटीवाला मामांकडं गादी शिवायला येणार होता, तो आला नाही. बाजारात कुणी दिसलं की आधी तोच विचारायचा, “मामा, आता बसवते का?” मामा म्हणायचे, “बसवते.” त्यांनी स्वतः मात्र विचारणं सोडलं. मला हे आधी लक्षात आलं नाही. एक दिवस दुकानासमोर तोच सोन्याच्या बटणांचा बागाईतदार भेटला, आणि मामांनी त्याला पाऊसपाणी विचारलं. पाऊसपाणी! बागाईतदार वाट पाहत थांबला, मग निघून गेला. ज्या प्रश्नाची मला जन्मभर लाज वाटत आली होती, तो मामांच्या तोंडून गेलेला पाहून मला गल्ल्यावर बसवेना. मी आत जाऊन गुळाच्या भेलींमागं उभा राहिलो.

मी सांगत राहिलो. भेटेल त्याला सांगितलं. “तुमचा मोठेपणा आहे जी,” लोक म्हणायचे. माझ्या पोरांना सांगितलं, त्यांनीही तेच मानलं.

मामांनी पुढं फटफटी विकली. शेवटी शेवटी कमरेखालून पाय गेले आणि ते कारंज्याजवळच्या आपल्या गावी खाटेवर पडले. मी भेटायला गेलो. उन्हाळा होता, मामी दारात गोवऱ्या रचत होती. मामा एका कुशीवर निजलेले. आवाज खोल गेला होता, पण मी ओळखू आलो.

मी खाटेजवळ जमिनीवर बसलो आणि इकडचं तिकडचं न बोलता म्हणालो, “मामा, मी लोकाइले सांगतो का तुम्ही माह्यासाठी खोटं बोलले. कोणी मानत नाई.”

मामांनी कुशीवरूनच माझ्याकडं पाहिलं.

“कसे मानतीन?” ते म्हणाले. “मी खोटं बोललोच नवतो.”

“मामा, आता तरी...”

“अबे, लोखंडाच्या कॅरिअरवर एक उपरणं टाकून बसलो होतो मी. तू एक खड्डा चुकवला नाई. एका झाडापाशी थांबला नाई. वर्ध्यापासूनच मले बसवत नवतं. तू आधी उभा राह्यला म्हणून माही सोय झाली. नाईतर मी कोण्या तोंडानं सांगतलं असतं?” ते हसले, मग खोकले. “तू गावभर सांगतं का मामा खोटं बोलला. मले खोटारडा ठरवतं. आता नको सांगू.”

मी आठवून पाहिलं. कौसल्या तर म्हणाली होती, मामा पटकन उतरले. पण मामा जन्मभर पटकनच उतरत आले होते. त्या दिवशी साऱ्या वाटेत मी एकदा तरी मागं वळून पाहिलं होतं का? नाही. आर्वीला चहा पिताना मामा उभे होते की बसले होते, हेही मला सांगता येईना. मामा खोटं बोलले असतील तर ते माझ्यासाठी. खरं बोलले असतील तर ते दुखणं मी दिलेलं. खाटेजवळ बसून मी हे दोन्हीकडून फिरवून पाहत होतो आणि दोन्हीकडून ते माझ्याच दाराशी येत होतं. मी हट्टी माणूस. आजवर कुणासमोर वाकलो नाही. पण मला त्या घरात वर पाहवत नव्हतं.

मामी हात धुऊन आत आली. “कूस बदलाची वेळ झाली,” ती म्हणाली. “माह्याकून एकटीनं होत नाई. पाठीले जखमा झाल्या.”

मी उठलो. मामीनं खांद्याखाली हात घातला, मी कमरेखाली. अंगात काही उरलं नव्हतं, माझ्या हातांना वजनच लागलं नाही. उचलताना मामांनी माझं मनगट धरलं. तोंड भिंतीकडं केलं, मला दुखणं दिसू नये म्हणून.

“हळू रे,” मामा म्हणाले.

मी तसाच थांबलो, हात त्यांच्या खाली, ते पुन्हा सांगेपर्यंत.